वालरसची जीभ आणि दूध संस्थेचा फळा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर लेख होता. तिथले शिकारी आणि गावकरी आपल्या भोवतालच्या प्राण्यांचे, पाण्याचे आणि स्वतःच्या तब्येतीचे छोटे छोटे अभ्यास कसे करतात, हा त्याचा विषय. त्यावर कोल्हापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. ‘असं काही आमच्या गावात जमेल का?’ हा बहुतेकांचा प्रश्न. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लेखात वालरसची जीभ तपासायला पाठवतात असं ओझरतं आलं होतं. नेमकं काय करतात? आणि त्यातून आपण काय घ्यायचं?
(प्राथमिक शिक्षिका, राधानगरी)

कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा इन्युइट लोकांचा प्रदेश आहे. वालरस हा तिथला सुळेवाला, अवाढव्य समुद्री प्राणी. त्याचं मांस कच्चं किंवा आंबवून खाण्याची तिथे जुनी रीत आहे. या मांसात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या स्नायूत वेटोळं करून बसलेल्या असतात. मांस पोटात गेलं की सुटतात, आतड्यात वाढतात आणि त्यांची पिल्लं रक्तातून खाणाऱ्याच्या स्नायूंत शिरतात. मग ताप, अंगदुखी, पापण्यांना सूज. डुकराच्या मांसातली नेहमीची जात पुरेसे दिवस गोठवून ठेवली की मरते. उत्तरेकडची जात, ट्रिकिनेला नेटिव्हा, बर्फात राहूनही जिवंत राहते. त्यामुळे ‘फ्रीझरमध्ये ठेवून खा’ हा सल्ला तिथे उपयोगाचा नाही. १९८०च्या दशकात तिथे या आजाराच्या साथी आल्या आणि त्यानंतर पुढची पद्धत बसली.

शिकार झाली की प्रत्येक वालरसची जीभ कापून तिला क्रमांक लावतात आणि तोच क्रमांक त्याच प्राण्याच्या मांसाला. जीभ विमानाने कूजुआक गावच्या संशोधन केंद्रात जाते. जीभच का? तर सतत हलणाऱ्या स्नायूंत या अळ्या जास्त साठतात. केंद्रात जिभेचे तुकडे पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कोमट पाण्यात ढवळतात, म्हणजे आपल्या जठरात होतं तेच भांड्यात घडवतात. मांस विरघळतं, अळ्या तळाशी उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. निकाल गावाला कळेपर्यंत ते मांस कुणी खात नाही. अळ्या निघाल्या तर त्या क्रमांकाचं मांस नष्ट करतात.

यातून घ्यायच्या गोष्टी नीट बघा. प्रश्न गावाचा आहे: हे मांस खाऊ का? नमुना असा निवडलाय की शिकाऱ्याला वेगळे कष्ट नाहीत, कारण जनावर कापायचंच असतं. क्रमांक दोन्हीकडे एकच, त्यामुळे घोळ नाही. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे ज्याने नमुना दिला त्याला घास तोंडात घालण्याआधी उत्तर मिळतं. आपल्याकडे बहुतेक पाहण्या इथेच हरतात. नमुने गोळा होतात, अहवाल होतो, पण गावात परत काहीच येत नाही. पुढच्या वेळी लोक दार उघडत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही.

आपल्या गावांत निकाल परत द्यायला फार चांगली जागा आहे: दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ जवळजवळ प्रत्येक घरातलं माणूस किटली घेऊन तिथे येतं. संस्थेच्या सचिवांना विचारून फळ्याचा एक कोपरा मागून घ्या.

प्रश्न : आमची वाडी चाळीस घरांची. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळाने येतं. पहिल्या पावसात दरवर्षी पोरांना जुलाब लागतात. मंडळाचे सहा जण काम करायला तयार आहोत. सुरुवात कुठून करू?
(तरुण मंडळ, गगनबावडा तालुका)

आधी प्रश्न कागदावर लिहा, बाटल्या मग आणा. ‘पाणी खराब आहे का?’ हा प्रश्न सहा जणांना पेलणारा नाही. ‘झऱ्यापासून शेवटच्या नळापर्यंत पाणी कुठे बिघडतं आणि पावसाच्या कुठल्या आठवड्यापासून?’ हा पेलेल.

सहा जागा ठरवा: झरा, साठवण टाकी, पहिला नळ, मधला नळ, शेवटचा नळ आणि एका घरातला पिण्याचा हंडा. हंडा विसरू नका. कित्येकदा नळाचं पाणी चांगलं असतं आणि घरातल्या भांड्यात हात बुडतो. मे महिन्याच्या मध्यापासून बारा आठवडे, दर आठवड्याला एकाच वारी आणि एकाच वेळी नमुने घ्या. तपासणीसाठी एच-टू-एसची बाटली पुरते. तिच्यात रसायन लावलेली पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवायचं. पाणी काळं पडलं तर विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची शक्यता मोठी. दर आठवड्याला सातवी बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची भरा. ती काळी पडली तर तुमच्या हातांत किंवा बाटल्यांतच दोष आहे, त्या आठवड्याचे सगळे निकाल बाजूला ठेवा. साताबारा चौऱ्याऐंशी बाटल्या होतात. फुटतील म्हणून शंभर धरा.

नळाचं पाणी दोन मिनिटं वाहू द्या. तोटी स्पिरिटने पुसायची की नाही, हे आधी ठरवा. पुसलीत तर पाइपातलं पाणी कळेल, न पुसता घेतलंत तर लोक प्रत्यक्ष पितात ते पाणी कळेल. दोन्ही बरोबर, पण बारा आठवडे एकच पद्धत ठेवा. झाकण जमिनीवर ठेवू नका आणि आतल्या बाजूला बोट लावू नका. बाटलीवर जागा, तारीख, वेळ भरण्याआधीच लिहा. ओल्या बाटलीवर पेन चालत नाही आणि ‘मग लिहू’ म्हटलेली बाटली हमखास ओळखू येत नाही.

निकाल २४ तासांनी आणि ४८ तासांनी बघायचा. तुमच्याकडे जुलैत गारठा असतो. खोलीत थर्मामीटर टांगा. पारा २५ अंशांखाली राहिला तर जिवाणू सावकाश वाढतात आणि २४ तासांची ‘स्वच्छ’ बाटली फसवते. अशा आठवड्यात ४८ तासांचाच निकाल धरा. झऱ्याच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असेल तर ही तपासणी उगीच काळी होते. आणि बाटली स्वच्छ राहिली तरी विषाणू नाहीत असं ती सांगत नाही. काविळीच्या बाबतीत हे पक्कं ध्यानात ठेवा. तिन्ही महिन्यांतले मिळून दहाएक नमुने बर्फाच्या डब्यातून सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा, शक्यतो सहा तासांत पोचतील असे. म्हणजे तुमच्या बाटल्यांवर कितपत विसंबायचं ते कळेल. काळी पडलेली बाटली गटारात ओतू नका, त्यात जिवाणू भरपूर वाढलेले असतात. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, घट्ट पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग संडासात ओता.

जुलाबाची नोंद याच वारी घरोघर फिरून करा. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला झालं तरच ‘जुलाब’ लिहा, नाहीतर एकाचा जुलाब दुसऱ्याची ‘जरा पोटाची तक्रार’ होते. गेल्या सात दिवसांचंच विचारा. महिन्याभरापूर्वीचं कुणाच्या लक्षात राहत नाही. घरात आजी किंवा आई जी स्वयंपाकघर बघते तिला विचारा, बाहेर कट्ट्यावर बसलेल्या माणसाला नको. आणि एक गोष्ट सांगावीशी वाटते: जुलाब लागलेल्या लेकराची नोंद करून पुढच्या घरी जायचं नाही. तिथल्या तिथे क्षारसंजीवनी सुरू करायला सांगा आणि आशाताईंना कळवा.

आता आकड्यांचा फसवा भाग. चाळीस घरं म्हणजे साधारण दोनशे माणसं. एका आठवड्यात दोघांना जुलाब आणि पुढच्या आठवड्यात चौघांना, म्हणजे ‘दुप्पट झाले’ असं फळ्यावर लिहायचा मोह होईल. लिहू नका. इतक्या लहान वस्तीत दोनाचे चार आपोआपही होतात. दोनाचे पंधरा झाले तर मात्र त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. बाकी वेळी आकडा नेहमी ‘दोनशेपैकी चार’ असाच लिहा.

टाकीची बाटली काळी पडली तर त्याच संध्याकाळी टाकी शुद्ध करून घ्या. अभ्यास बिघडेल म्हणून उपाय थांबवायचा नसतो. उपायाची तारीख वहीत लिहा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की उपाय लागू पडला का तेही कळतं.

प्रश्न : आमच्याकडे जलसुरक्षक रोज टीसीएल टाकतो. तरी शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून सांगणाऱ्या चाचणीत) रंग येत नाही. कुणाची चूक?
(ग्रामपंचायत सदस्य, करवीर तालुका)

माणसाकडे बोट दाखवण्याआधी पोतं बघा. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं की तो उडून जातो. हिशोब सोपा आहे. ५०,००० लिटरच्या टाकीत हजारी ५ ग्रॅमप्रमाणे २५० ग्रॅम पावडर टाकली तर ताज्या पावडरीतून लिटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. तीच पावडर १५ टक्क्यांवर आली असेल तर जेमतेम ०.७५. पावसाळ्यात पाणी गढूळ, त्यातला पालापाचोळा आणि माती बराच क्लोरीन खाऊन टाकते. शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा, तो कुठून उरणार?

पावडर थेट टाकीत भिरकावू नका. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत पाणी येतं त्या तोंडाशी ओता आणि अर्धा तास पाणी सोडू नका. ओटीचा रंग दहा सेकंदांच्या आत वाचा. पंधरा मिनिटांनी पाहिलात तर घाणीशी जोडला गेलेला क्लोरीनही रंग दाखवतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ओटीचं द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी फेकून द्या, हात धुवा आणि बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका. इतकं करूनही पहिल्या नळाला रंग येतो आणि शेवटच्याला नाही, तर मधल्या पाइपला गळती शोधा, विशेषतः जिथे तो गटाराला ओलांडतो.

प्रश्न : काजूच्या बागेत एक माकड मेलेलं दिसलं. माकडतापाबद्दल ऐकलंय. आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहोत. गोचिडी गोळा करून तपासायला दिल्या तर चालेल का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, चंदगड तालुका)

नाही. आणि हे अगदी निक्षून सांगत आहोत. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तुमच्या शेजारच्या, घाटाखालच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून त्याचे रुग्ण आढळले. म्हणजे तुमची शंका बरोबर आहे आणि म्हणूनच तुम्ही तिथे जाता कामा नये. माकड मरतं तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. रोग देणारी गोचिडीची पिल्लं तिळाएवढीही नसतात, चावलेली कळतही नाहीत. पांढरं फडकं ओढून गोचिडी पकडायची पद्धत आहे खरी, पण ती प्रशिक्षित माणसांनी अंग पूर्ण झाकून करायची आहे.

तुम्ही करायचं ते हे: लांबूनच फोटो काढा, मोबाईलवरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, तारीख आणि वेळ लिहा. वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. त्या जागेभोवती ५० मीटरच्या आत माणसं, गुरं, शेळ्या जाऊ देऊ नका. खात्याची माणसं त्या जागेभोवती कीटकनाशक मारतात. कुणी आधीच तिथून जाऊन आलं असेल तर कपडे गरम पाण्यात भिजवा, साबणाने अंघोळ करा, काखा, जांघा, कानामागे बघा. गोचीड लागलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चटके नकोत. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, डोकं आणि अंग भयंकर दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो, मेलेलं माकड होतं’ हे आपणहून सांगा. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे आजाऱ्याला घरात वेगळं टाकायची गरज नाही.

अभ्यासच करायचा असेल तर फार उपयोगी असा एक आहे. नोव्हेंबर ते मे या काळात गावातलं कोण, कुठल्या बागेत किंवा रानात, कशासाठी आणि किती वेळ जातं याचा नकाशा करा: काजू वेचणं, पाला आणणं, गुरं चारणं. उद्या गरज पडली तर आरोग्य खात्याला सर्वांत आधी हीच माहिती लागेल.

प्रश्न : गवे उसात आणि भातात येतात. नुकसानीची नोंद ठेवतो, पण वनखात्यात नेली की ‘यातून काही सिद्ध होत नाही’ म्हणतात. नोंद कशी ठेवावी?
(शेतकरी, भुदरगड तालुका)

बहुधा तुम्ही फक्त गवे आले त्या रात्री लिहिता. न आलेल्या रात्री लिहिल्याशिवाय आलेल्या रात्रींना अर्थ येत नाही. वीस शेतं निवडा, काही रानालगतची, काही लांबची. तक्रार करणाऱ्यांचीच निवडू नका. रोज सकाळी प्रत्येक शेतासमोर ‘आले’ किंवा ‘नाही’ लिहा. त्याबरोबर गट नंबर, पीक आणि त्याची अवस्था, रानापासून अंतर, कुंपण कसलं, खाल्लं की तुडवलं, किती गुंठे. गव्याच्या आणि म्हशीच्या खुरात गल्लत होते, त्यामुळे फोटोत खुराशेजारी मोजपट्टी ठेवा आणि शेण, मोडलेला ऊस यांचाही फोटो घ्या. भरपाईचा अर्ज आणि पंचनामा मात्र त्याच दिवशी, या वहीची वाट न बघता.

हंगाम संपला की १०० मीटरच्या आतली, १०० ते ३०० मीटरमधली आणि त्यापलीकडची शेतं वेगळी करून बघा. इथे एक खाच आहे. रानालगत सगळा भात आणि लांब सगळा ऊस असेल, तर फरक अंतराचा आहे की पिकाचा, हे सांगता येणार नाही. निवडतानाच दोन्हीकडे दोन्ही पिकं येतील असं बघा. रानात किंवा हद्दीवर कॅमेरा लावायचा असेल तर वनखात्याची परवानगी हवी.

आणखी एक स्तंभ जोडा, तो कुणी जोडत नाही: गावच्या गुरांचा आजार. गवे आणि गुरं एकाच पाणवठ्यावर पाणी पितात. १९६८ साली बंदीपूरच्या जंगलात बुळकांडीने गवे मोठ्या संख्येने मेले होते. बुळकांडी आता जगातूनच गेली, पण लाळ्या-खुरकूत आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीकरणाच्या तारखा घ्या, लंगडणारं किंवा लाळ गाळणारं गुरू कुठल्या पाणवठ्यावर जात होतं ते लिहा. नाका-तोंडातून रक्त येऊन जनावर अचानक मेलं तर ते फाशी या रोगाने (अँथ्रॅक्सने) मेलेलं असू शकतं. ते फाडू नका. हवा लागली की जिवाणूंचे बीजाणू होतात आणि मातीत दशकानुदशकं टिकतात. २०१६ साली सैबेरियातल्या यामालमध्ये गोठलेली जमीन वितळून जुने बीजाणू वर आले असं मानलं जातं. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले, एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. तिथे रेनडिअरना लस देणं २००७ मध्ये थांबवलेलं होतं.

प्रश्न : पंचगंगेतले मासे आम्ही रोज खातो. गावातल्या बायकांचे केस तपासून पारा बघावा का? आणि वाईट निघालं तर सांगायचं कसं?
(शिरोळ तालुका)

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाशी कापलेल्या तीन सेंटिमीटरमधून तीन महिन्यांचा हिशोब निघतो. पण त्यातून माशातून येणारा पारा कळतो. सांडपाणी, मळी, कीटकनाशकं यांचं काहीच कळत नाही. पंचगंगेत आधी बघायला हवा तो पाण्यातला प्राणवायू. माशांना लिटरमागे ४ मिलिग्रॅम तरी लागतो. तो सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ आणि जिवाणू तो वापरतात. दुपारी बाराचा नमुना नदीला निर्दोष ठरवतो. बाटली पाण्याखाली भरा, आत एकही बुडबुडा नको आणि किटमधली पहिली दोन रसायनं काठावरच घाला. मासे मरताना दिसले तर वेळ, ओळखीची खूण दिसेल असा फोटो, मासे वर येऊन तोंड उघडतात का, आणि मेलेले मासे वरच्या अंगाला कुठून सुरू होतात, हे लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच तासात कळवा. कायद्यात चालणारा नमुना त्यांच्याच अधिकाऱ्याने घ्यावा लागतो.

केस, रक्त, लघवी घ्यायची झाली तर आचारसमितीची मान्यता असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरच. मंडळाने स्वतः हे करू नये.

सांगायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी नुनाविकमधल्या आयांचं दूध तपासलं. इतक्या दूरच्या प्रदेशातलं दूध शुद्ध निघेल अशी अपेक्षा होती. निघालं उलट. दक्षिण क्विबेकच्या आयांपेक्षा पीसीबी हे कारखान्यांतलं घातक रसायन सुमारे पाचपट. दक्षिणेकडच्या कारखान्यांतली रसायनं वारा आणि समुद्रातून येऊन सील, व्हेल यांच्या चरबीत साठली होती. आयांना काय वाटलं असेल याचा विचार करा. पण अंगावर पाजणं थांबवणं बाळाला जास्त घातक होतं, आणि शिकारीचं अन्न सोडून दुकानातलं खाणंही. म्हणून पाजत राहा हाच सल्ला दिला गेला. पुढे पाऱ्याच्या बाबतीत गर्भवतींना बेलुगा व्हेलचं मांस कमी करून ‘आर्क्टिक चार’ नावाचा, पारा कमी असलेला मासा खा असं सांगितलं. नुसतं ‘हे खाऊ नका’ न म्हणता पर्याय हातात दिला. तपासणी सुरू करण्याआधीच निकाल वाईट आला तर कुठला पर्याय देणार हे ठरवा. पर्याय नसेल तर तो मिळेपर्यंत केसांना कात्री लावू नका.

प्रश्न : नोंदी कुणाच्या? मंडळाच्या, ग्रामपंचायतीच्या की आम्हाला मदत करणाऱ्या प्राध्यापकांच्या?
(आजरा)

गावाच्या. कॅनडातल्या आदिवासी समूहांनी १९९८ पासून हा आग्रह धरला की माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा समूहाकडे असावा. तुम्ही काम सुरू करण्याआधी एका पानावर लिहून घ्या: मूळ वही गावात राहील, छापण्याआधी गावाला वाचून दाखवलं जाईल, घरांना नावाऐवजी क्रमांक असतील आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत जोडा.

प्रश्न : मोबाईल की वही?
(शाहूवाडी)

वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. पानांना आधीच क्रमांक घाला, चुकलं तर खोडू नका, एक आडवी रेघ मारून वर लिहा. दर रविवारी पानाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.